पहिला ताप, पहिलं पिवळं पान: मृगाआधी चिखलदरेकरांना आणि घाटाखालच्या वऱ्हाडाला विनंती

मंडळी, मृग तोंडावर आला आहे. वखरणी उरकली, बियाण्याच्या थैल्या परतवाड्याच्या दुकानांतून गावोगाव निघाल्या, चिखलदऱ्याच्या लॉजवाल्यांना शनिवार-रविवारच्या खोल्यांसाठी फोन सुरू झाले. येत्या दोन-तीन महिन्यांत या डोंगरावर आणि डोंगराच्या पायथ्याशी जेवढी माणसं, रोपं, कलमं नि बेणं इकडून तिकडं जाईल, तेवढं बाकी वर्षभरात जात नाही. त्यांच्यासोबत विषाणूही जातील. म्हणून हे घाईनं लिहितो आहे. पहिला दमदार पाऊस यायच्या आत ते तुमच्या हाती पडायला हवं.

मागणं थोडकं आहे. घरात पहिला ताप आला, वावरात पहिलं पान पिवळं पडलं किंवा चुरडलं, तर त्याच दिवशी सांगा. माणसाचं आशाताईला सांगा, पिकाचं कृषी सहायकाला सांगा. झाकून ठेवू नका, ‘चार दिवस पाहू’ म्हणू नका. आणि जे आजारी आहे, मग ते माणूस असो की रोप, ते दवाखाना किंवा तपासणी सोडून दुसऱ्या कशासाठी घाटातून वर-खाली नेऊ नका. का, ते पटल्याशिवाय कोणी ऐकत नाही, आणि ऐकूही नये. म्हणून जरा सविस्तर.

माणसाचा ताप आणि उडदावरचा केवडा एकाच पत्रकात कशाला, असं कोणी विचारील. आधी एक भीती काढून टाकू. झाडाचा विषाणू माणसाला होत नाही. केवडा पडलेल्या झाडाची भेंडी खाऊन कोणी आजारी पडत नाही. पण दोन्ही विषाणूंचा कारभार एकच आहे. विषाणू ही चीज मुळात सापडली तीच झाडावर, तंबाखूच्या पानात. रशियाच्या इवानोव्स्कीनं 1892 मध्ये आणि हॉलंडच्या बायरिंकनं 1898 मध्ये दाखवून दिलं, की जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळलेला रससुद्धा धडधाकट रोपाला आजारी पाडतो. माणसाच्या विषाणूंचा माग त्यानंतर लागला.

विषाणू स्वतः वाढत नाही. तो दुसऱ्याच्या पेशीत शिरतो आणि तिच्याकडून आपल्या नकला काढून घेतो, एकेका पेशीतून शेकड्यांनी, हजारांनी. पूर्वी तलाठी हातानं सातबारा उतरवून द्यायचे, तेव्हा नावात काना-मात्रा चुकायची, क्षेत्रातला एखादा आकडा बदलायचा. तसंच इथं होतं. बहुतेक चुकलेले उतारे कुचकामी ठरतात, पण शंभरात एखादी चूक नेमकी कोणाच्या तरी सोयीची निघते, आणि मग पुढं तोच उतारा चालतो. फ्लूचा विषाणू नक्कल तपासतच नाही, शिवाय त्याचा सगळा मजकूर आठ तुकड्यांत असतो. दोन वाण एकाच पेशीत शिरले की तुकड्यांची अदलाबदल होते. 2009 चा स्वाइन फ्लू असाच डुकरांच्या, पक्ष्यांच्या आणि माणसांच्या फ्लूच्या तुकड्यांतून जुळून आला होता. करोनाचा मजकूर सुमारे 30,000 अक्षरांचा, आणि त्याच्याकडं चुका दुरुस्त करणारी सोयही आहे. तरीही तो किती बदलला, ते आपण पाहिलंच. मूग, उडीद, सोयाबीन पिवळं पाडणाऱ्या विषाणूचा मजकूर तर दोन छोट्या कड्यांत मावतो, प्रत्येक कडं साधारण 2,700 अक्षरांचं. पण दोन वाण एका झाडात भेटले की त्यांच्यात कड्यांची आणि तुकड्यांची देवघेव होते.

यातली एक गोष्ट माझ्या सगळ्या विनंतीच्या मुळाशी आहे. चूक होते ती नक्कल काढताना. नक्कलच निघाली नाही तर बदलही होत नाही. कोणाला न कळता पाच घरं फिरून आलेला ताप, धुऱ्याच्या कडेला महिनाभर तसंच उभं राहिलेलं पिवळं झाड, म्हणजे विषाणूला फुकट दिलेल्या नकला.

आपल्या जिल्ह्यानं याची किंमत एकदा मोजली आहे. 22 फेब्रुवारी 2021. बाकीचा देश करोना संपला म्हणून लग्नांच्या तारखा काढत होता, तेव्हा अमरावती आणि अचलपूर शहरांत पुन्हा टाळेबंदी लागली. दुसऱ्या लाटेचा पहिला तडाखा बसलेल्या भागांत आपण होतो. पुढं 24 मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं जाहीर केलं, की महाराष्ट्रातल्या नमुन्यांमध्ये डिसेंबरच्या तुलनेत ‘ई484क्यू’ आणि ‘एल452आर’ हे दोन बदल वाढलेले दिसतात, तपासलेल्या नमुन्यांपैकी 15 ते 20 टक्क्यांत. हे दोन्ही बदल विषाणूच्या त्या काट्यातले, ज्यानं तो आपल्या पेशीला चिकटतो. आधीच्या संसर्गातून शरीरानं कमावलेली ओळख त्यामुळं काहीशी चुकते. याच कुळातला एक वाण पुढं डेल्टा म्हणून जगभर गेला. त्याचे भारतातले सर्वांत जुने नमुने ऑक्टोबर 2020 चे आहेत. म्हणजे आपल्याकडं दुकानांची शटरं खाली आली त्याच्या चार महिने आधी तो देशात फिरत होता. जनुकक्रम वाचणाऱ्या प्रयोगशाळांची देशव्यापी साखळी, इन्साकॉग, उभी राहिली ती डिसेंबरच्या अखेरीस.

कोणत्याही गावाला यात दोष नाही, आणि विषाणूला गावाचं नाव चिकटवणं हा तर निव्वळ आचरटपणा. तसं होऊ नये म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनं 31 मे 2021 पासून वाणांना ग्रीक अक्षरं दिली. पण नमुना उशिरा गेला की उत्तर उशिरा येतं, हे त्या फेब्रुवारीनं शिकवलं. शहरात तरी सोय होती. आपल्या संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेनं त्या काळात चाचण्यांचं मोठं काम उचललं. हतरू किंवा काटकुंभच्या पुढच्या पाड्यावर ताप आला, तर नमुना घाट उतरेपर्यंतच किती वेळ जातो हे तुम्हाला सांगायला नको.

आता चिकुनगुन्या पाहा, कारण तो पावसाबरोबर दाराशी येणार आहे. 1973 मध्ये बार्शीत त्याची मोठी साथ आली होती. मग तीन दशकं तो जणू गायबच झाला. डॉक्टरांच्या एका पिढीनं त्याचा रुग्ण पाहिला नाही. 2005 च्या अखेरीस तो परतला आणि 2006 मध्ये देशभरात जवळपास 14 लाख संशयित रुग्ण झाले. सांधे धरून बसलेली माणसं वऱ्हाडातल्या लोकांनाही आठवतील. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं नमुने तपासले तेव्हा कळलं, की हा बार्शीचा जुना आशियाई वाण नव्हे, आफ्रिकी आहे. आणखी एक गोष्ट पुढं आली. पुणे जिल्ह्यात यवतला 2000 साली डासांत सापडलेला विषाणूही याच आफ्रिकी कुळातला निघाला. पाहुणा पाच वर्षं आधी येऊन बसला होता.

पुढची गोष्ट जंगलातल्या माणसांनी नीट ऐकावी. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर या विषाणूच्या मजकुरातलं एकच अक्षर बदललं, त्यामुळं त्याच्या कवचाच्या प्रथिनात 226 क्रमांकाच्या जागी ॲलनीनऐवजी व्हॅलीन आलं. एवढ्या बदलानं तो वाघ्या डासात, एडिस अल्बोपिक्टसमध्ये, कित्येक पटींनी सहज रुजायला लागला. 2007 मध्ये केरळात तेच दिसलं. शहरातला एडिस इजिप्ती टाकीत, कूलरमध्ये, टायरात वाढतो. हा दुसरा डास बांबूच्या कापलेल्या खुंटात, झाडाच्या ढोलीत, टाकून दिलेल्या प्लॅस्टिकच्या पेल्यात साठलेल्या पावसाच्या पाण्यात वाढतो. मेळघाटात बांबूचे खुंट किती आहेत ते मोजायची गरज नाही. पेले मात्र मोजता येतील: भीमकुंडाच्या वाटेवर, देवी पॉइंटच्या उतारावर, चहा-कणसाच्या प्रत्येक टपरीमागं.

तेव्हा टपरीवाल्या भावांनो, लॉजवाल्यांनो, आठवड्यातून एक दिवस, शुक्रवार धरा, गर्दीच्या आदल्या दिवशी, मागच्या दाराची सगळी भांडी उपडी करा. अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्याला एकदा पाणी ओतलं की ती साखळी तुटते. नुसतं ओतून भागत नाही, भांडं आतून घासा. एडिसची अंडी कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी टिकतात.

पर्यटक बंधू-भगिनींनो, तुम्हाला वेगळं सांगतो. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्याच प्रकाराविरुद्ध दीर्घकाळ संरक्षण मिळतं, पण नंतर दुसरा प्रकार झाला तर आजार जास्त गंभीर होण्याचा धोका असतो. तुम्ही ज्या शहरातून येता तिथं फिरणारा प्रकार आमच्याकडं आला नसेल, आणि आमच्याकडचा तुमच्याकडं. अंगात ताप असताना ‘डोंगराची हवा खाल्ली की उतरेल’ म्हणून गाडी काढू नका. इथला एक डास तुम्हाला चावला की तुमचा प्रकार इथं मुक्कामाला राहिला. बुकिंगचे पैसे बुडतील हे खरं. लॉजवाल्यांनो, तापाच्या कारणानं तारीख बदलून मागणाऱ्याला ती द्या, त्यात तुमचाच हंगाम वाचतो.

सगळेच विषाणू असे बहुरूपी नसतात. गोवर पाहा. 1954 मध्ये एका मुलाच्या शरीरातून वेगळ्या केलेल्या वाणापासून लस तयार झाली, आणि त्याच वंशाची लस आजही जगभर काम देते. गोवराचा विषाणूही नकला काढताना चुकतोच, पण त्याच्या ज्या भागावर आपलं शरीर नेम धरतं, तो भाग बदलला तर त्याला पेशीत शिरताच येत नाही. म्हणून तो अडकला आहे. अशा विषाणूनं मूल दगावलं तर त्याचं खापर बदलत्या वाणावर फोडता येत नाही. ती आपली हयगय. नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिला डोस, सोळा ते चोवीस महिन्यांदरम्यान दुसरा. दिवाळीनंतर कामाला बाहेर गेलेली आणि होळीला परतलेली किती कुटुंबं असतील, ज्यांच्या लेकरांचा दुसरा डोस वाटेतच राहिला? कुपोषित मुलाला गोवर फार जड जातो. या आठवड्यात कार्ड काढून पाहा. कार्ड हरवलं असेल तर तसंच अंगणवाडीत जा. हरवल्याबद्दल कोणी रागावलं तर ती त्यांची चूक.

आता वावरात येऊ, कारण विषाणूचा बदल कसा चालतो हे शेतकऱ्याइतकं कोणालाच कळायचं नाही.

भेंडीवरचा केवडा घ्या. मुंबई इलाख्यात त्याची नोंद 1924 मध्ये झाली. पानाच्या शिरा पिवळ्याजर्द, पुढं सगळं पान पिवळं, फळ फिकं नि राठ. दिल्लीच्या संस्थेनं 1950 च्या दशकात ‘पुसा सावनी’ काढली. ती केवड्याला दाद देत नव्हती, आणि देशभर तीच लावली गेली. काही वर्षांत तीच केवड्यानं पिवळी व्हायला लागली. मग आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी भेंडीच्या एका रानटी भाऊबंदाशी पुसा सावनीचा संकर करून, पिढ्यांमागून पिढ्या निवडत, ‘परभणी क्रांती’ उभी केली. 1985 साल. ज्यांनी त्या काळी भेंडी केली आहे त्यांना विचारा, त्या वाणानं काय दिवस दाखवले ते. आणि आज? आज परभणी क्रांतीवरही केवडा दिसतो. बियाणं बिघडलं, भेसळ झाली, असं आपण म्हणतो, आणि कधी कधी ते खरंही असतं. पण मुख्य गोष्ट ही, की सगळीकडं एकच वाण उभा असला की विषाणूला एकच कुलूप उघडायचं असतं, आणि त्याच्याकडं चुकांमधून घडलेल्या किल्ल्यांचा तोटा नाही. भेंडीचा केवडा हा मुळात एका विषाणूचं काम नाहीच. एकाच गोतावळ्यातल्या बऱ्याच जाती ते काम करतात, आणि त्यांच्यासोबत एक छोटं उपग्रही डीएनए असतं. ते नसेल तर बहुतेकदा आजार नीट उठतच नाही.

सोयाबीनचं तेच. जबलपूरहून आलेला ‘जेएस 335’, 1994 चा वाण, विदर्भात जवळपास सगळीकडं तोच पेरला गेला. उत्पन्न चांगलं, मुदत कमी, शेतकऱ्याची निवड चूक नव्हती. पण तो पिवळ्या मोझॅकला बळी पडतो, आणि सप्टेंबर 2023 मध्ये चंद्रपूर, नागपूरकडच्या सोयाबीनचं मोझॅकनं काय झालं ते विसरण्यासारखं नाही. पांढरी माशी एका झाडाचा रस शोषून दुसऱ्यावर बसली की विषाणू पोहोचला. एकदा तिच्या अंगात गेला की बहुधा ती जगेल तोवर वाहते.

कापसाबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी आहे, आणि इथं अजून बिघडलेलं नाही म्हणूनच सांगतो. उत्तरेत कापसावर पानं वळवणारा विषाणू आहे. 1967 मध्ये पाकिस्तानात मुलतानजवळ दिसला, 1993 मध्ये श्रीगंगानगरमार्गे आपल्या देशात आला. प्रतिकारक वाण आले, शेतकरी निश्चिंत झाले. 2001 मध्ये तिकडच्याच बुरेवाला भागात विषाणूचा नवा मिश्र वाण निघाला आणि ते सगळे प्रतिकारक वाण आडवे झाले. मध्य भारतातली पऱ्हाटी या रोगापासून बऱ्यापैकी वाचलेली आहे. ती तशीच राहायची असेल तर उत्तरेकडून कोणाच्या ओळखीनं आलेली रोपं, शोभेची झाडं, जास्वंदीच्या फांद्या विचार न करता आणू नका. हा विषाणू जास्वंदीवरही राहतो. जाता जाता एक सांगतो. आपला जुना देशी कापूस, गॉसिपियम आर्बोरियम, या रोगाला बधत नाही. ज्याला आपण आखूड धाग्याचा म्हणून मोडीत काढला, तोच.

संत्र्याचं दुखणं निराळं. ट्रिस्टेझा विषाणूनं 1930-40 च्या दशकांत अर्जेंटिना, ब्राझीलमध्ये कोट्यवधी झाडं मारली, कारण ती आंबट नारंगीच्या खुंटावर बांधलेली होती. आपली कलमं जंभेरीवर. जंभेरी हा विषाणू सोसते, झाड अचानक वाळत नाही. हे वरदान आहे आणि फसवणूकही. विषाणू झाडात दडून राहतो, एकाच झाडात सौम्य आणि जहाल वाण शेजारी शेजारी नांदतात. वरून ठीक दिसणाऱ्या झाडाचा डोळा काढून शंभर कलमं भरली, की शंभर झाडांत तो मिश्र वाण गेला. मावा पुढचं पाहून घेतो. ब्राझीलवाल्यांनी गंमत केली: सौम्य वाण मुद्दाम रोपांना टोचून जहाल वाणाला दार बंद केलं. ते काम प्रयोगशाळेचं. आपण करायचं ते सोपं आहे. जुलैत नवी बाग लावणार असाल तर पन्हेरी शेंदुरजना घाटची असो की आणखी कुठली, कलम घेताना मातृवृक्ष कोणता, तो तपासला होता का, हे विचारा, आणि पक्कं बिल घ्या. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्था रोगमुक्त कलमं तयार करते. स्वस्त कलमात दहा रुपये वाचतात नि बाग पंधरा वर्षं रडते. आणि कृपा करून सगळ्याला ‘व्हायरस’ म्हणू नका. डिंक्या ही बुरशी, ग्रीनिंग हा जिवाणू. दुकानदाराच्या अंदाजावर फवारा मारण्यापेक्षा पान तपासून घेतलेलं बरं.

हेच सगळं मोथा आणि आजूबाजूच्या स्ट्रॉबेरीवाल्यांना लागू. स्ट्रॉबेरीचे विषाणू धावत्या फुटव्यांतून, म्हणजे तुम्ही ज्याला रनर म्हणता त्यातून, मुकाट्यानं येतात. दोन-तीन हंगाम घरच्याच रोपांपासून रोपं काढत राहिलात तर पानं लहान होतात, फळ बारीक येतं, आणि आपण खताला दोष देतो. यंदा रोपं मागवाल तेव्हा सगळ्यांनी मिळून एकाच खात्रीच्या ठिकाणाहून मागवा. चार जणांनी चार ठिकाणांहून आणली की चार ठिकाणचे वाण या एका पठारावर भेटतील.

राजुरा बाजारच्या मिरचीवाल्यांना चुरडा-मुरडा काय ते सांगण्याची माझी पात्रता नाही. एकच म्हणतो: विषाणूवर औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीवर पैसे घालू नका. झाडात शिरलेला विषाणू मारणारं औषध आज बाजारात नाही. माशी, मावा, फुलकिडे आवरता येतात. तेही दर वेळी एकच कीटकनाशक मारत राहिलात तर तीच कीड निगरगट्ट होते. पहिलं आजारी झाड दिसलं की सकाळी लवकर, माशी सुस्त असताना, त्यावर पोतं टाकून उपटा, वावराबाहेर नेऊन पुरा किंवा जाळा. हातानं ओढत सऱ्यांमधून नेऊ नका. पिवळे चिकट सापळे लावा, धुऱ्यावर मक्याच्या किंवा ज्वारीच्या दोन-तीन ओळी घ्या. वीस टक्के झाडं पिवळी झाल्यावर उपटण्यात अर्थ उरत नाही. पहिल्या चार झाडांनाच अर्थ आहे.

कोरकू शेतकऱ्यांना एक विनंती, आणि ही मी सगळ्यात जीव तोडून करतो. तुमच्या घरात मडक्यात, तुंब्यात, राखेत ठेवलेलं जुनं उडदाचं, बरबटीचं, कोदो-कुटकीचं, रानातल्या भेंडीचं जे बी आहे, ते नवं थैलीतलं बियाणं आलं म्हणून टाकून देऊ नका. परभणी क्रांतीला प्रतिकार मिळाला तो असल्याच एका रानटी नातलगाकडून. अकोल्यात राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचं प्रादेशिक केंद्र आहे. गावोगावचं जुनं बी गोळा करून जपणं हे त्याचं कामच. बी द्यायचं तर तिथं द्या, नोंद करून द्या, आणि थोडं स्वतःजवळ ठेवून, दर वर्षी दोन तासं का होईना, पेरत राहा. विषाणू दर हंगामात बदलतो. मडक्यातलं बीही दर हंगामात वावरात उतरलं तरच त्याच्यासोबत बदलतं.

भूमका भाऊंनो, तुमच्याबद्दल डोंगराखाली बरंवाईट बोललं जातं. मला त्यात पडायचं नाही. मला एवढं माहीत आहे, की पाड्यावर मूल तापलं तर आई आधी तुमच्याकडं येते, दवाखान्यात नंतर. म्हणजे साथीची पहिली बातमी तुमच्याकडं असते. एका आठवड्यात एकाच पाड्यावरचे तीन तापलेले जीव तुमच्याकडं आले, तर तुमचं जे काय करायचं ते करा, पण आशाताईला त्याच संध्याकाळी निरोप द्या. 2021 मध्ये करोनाच्या लशीबद्दल मेळघाटात काय काय अफवा उठल्या, आणि त्या मोडायला कोरकूत बोलणारी आपलीच माणसं कशी लागली, ते तुम्ही पाहिलं आहे. तुमचा शब्द चालतो म्हणून तुमच्याकडं मागतो आहे.

आणि अधिकाऱ्यांनो, तुम्हालाही. लोकांनी सांगायचं, तर ऐकणाराही जागेवर हवा. सेमाडोह, हतरू, काटकुंभ, सलोना, टेंब्रुसोंडा, या प्राथमिक आरोग्य केंद्रांत जूनपासून नमुना घेण्याचं साहित्य आणि तो थंड पेटीतून खाली पोहोचवणारी गाडी पाहिजे. कृषी विभागाची पाहणी सप्टेंबरात नुकसानीचे पंचनामे करायला नको, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पिवळं पान शोधायला पाहिजे. ज्यानं नमुना दिला त्याच्यापर्यंत उत्तर पोहोचलं नाही, तर पुढच्या वर्षी तो नमुना देणार नाही, आणि त्याचं काही चुकणार नाही.

आता कामाचं. आशाताईला पहिल्याच दिवशी सांगायचं. त्यानंतर ताप दोन दिवस टिकला, किंवा तापासोबत अंगावर पुरळ, सांध्यांत कळा, हिरड्यांतून रक्त, सतत उलट्या असं काही दिसलं, तर थांबू नका, दवाखाना गाठा. डेंग्यूची एनएस1 तपासणी पहिल्या पाच दिवसांतच खरी कामाची असते. तापावर दुकानातून ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढतो. रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा, एडिस दिवसा चावतो. रुग्णवाहिकेसाठी 108, आरोग्य सल्ल्यासाठी 104. घाटात मोबाइलला रेंज नसते, म्हणून गावात रेंज जिथं मिळते ती जागा आजच घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा.

पिकासाठी किसान कॉल सेंटर 1800-180-1551. पान तपासायला न्यायचं असेल तर घातखेड किंवा दुर्गापूरचं कृषी विज्ञान केंद्र, नाहीतर डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं अमरावतीतलं संशोधन केंद्र. शेंड्याकडची कोवळी, लक्षण नुकतंच दिसायला लागलेली पाच-सहा पानं घ्या, सोबत त्याच वावरातल्या निरोगी झाडाची दोन पानं वेगळी बांधा. ओली करू नका, प्लॅस्टिकमध्ये कोंबू नका, वर्तमानपत्रात गुंडाळा. पुडीवर गाव, पिकाचा वाण, पेरणीची तारीख आणि पहिलं लक्षण दिसलं तो दिवस लिहा. त्याच दिवशी पोहोचवा, निघण्याआधी कपडे झटका, आणि वाटेत दुसऱ्याच्या मिरचीच्या वावरात बोलत उभे राहू नका.